न्यू जर्सीला यावं का, असं विचारणाऱ्या भाचीला

तुझी लांबलचक मेल दोनदा वाचली. मुद्दा एवढाच ना: कंपनी तुला एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला पाठवतेय, जावईबापू आणि चिऊ बरोबर येणार, दुसऱ्या बाळाचाही विचार आहे, आणि टीव्हीवर रोज ‘अमेरिकेतली लोकशाही संपली’ ऐकून सासरची मंडळी धास्तावली आहेत. तर यावं का, आणि खरंच इतकं वाईट आहे का?

वाईट आहे. पण तुम्ही इथे उतरलात तर पहिले सहा महिने तुम्हाला काहीही दिसणार नाही. ओक ट्री रोडवर, आपल्या भारतीय बाजारात, शनिवारी पार्किंग मिळत नव्हतं, ते आजही मिळत नाही. शाळेची पिवळी बस वेळेवर येते. म्हणून तर आपल्या मंडळातले निम्मे लोक ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून निवांत आहेत.

बदल झालाय तो वेगळ्या ठिकाणी. कायद्याची पुस्तकं तीच आहेत, पण तो कायदा कुणावर चालवायचा आणि कुणाला सोडायचं, हे एका माणसाच्या मर्जीवर यायला लागलंय. 6 जानेवारी 2021ला संसदेच्या इमारतीवर चालून गेलेल्या सुमारे दीड हजार लोकांना ट्रम्प यांनी जानेवारी 2025मध्ये दुसऱ्यांदा शपथ घेतली त्याच दिवशी माफी दिली किंवा शिक्षा कमी केली. ऑगस्ट 2025मध्ये रोजगाराचे आकडे वाईट आले, तर आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंनाच घरी पाठवलं. विरोधकांची वकीलपत्रं घेतली म्हणून बड्या वकिली कंपन्यांवर आदेश निघाले. त्यांतल्या काहींनी सरकारला हव्या त्या कामासाठी कोट्यवधी डॉलरची फुकट वकिली कबूल करून सुटका करून घेतली. चार कंपन्या कोर्टात गेल्या आणि चारही जिंकल्या. गंमत बघ, लढले ते जिंकले, तरी वाकलेल्यांची यादीच मोठी.

हे सगळं नागरिकाच्या अंगावर यायला वर्षं जातात, व्हिसावाल्याच्या अंगावर ते एका रात्रीत येतं. कुणाला देशात घ्यायचं, कुणाचा व्हिसा रद्द करायचा, यात सरकारला मुळातच सगळ्यात जास्त मोकळीक आहे. कोर्टाचा हात तिथे सगळ्यात आखूड. त्यामुळे वरचा माणूस लहरी निघाला की पहिला फटका तुमच्यासारख्यांना.

सप्टेंबर 2025चं उदाहरण देतो. 19 तारखेला, शुक्रवारी, एच-वनबीवर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी लावणारा जाहीरनामा निघाला, रविवारी पहाटेपासून लागू. माझ्या ऑफिसातला एक मुलगा वडिलांच्या श्राद्धासाठी सांगलीला गेला होता. त्याला कंपनीच्या वकिलांची मेल गेली: रविवारच्या आत अमेरिकेत या. सांगलीहून मुंबई, तिथून मिळेल ते तिकीट. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी तो विमानतळावर रांगेत उभा होता. शुक्रवारी वाणिज्यमंत्री म्हणाले, फी दरवर्षी. शनिवारी व्हाइट हाउस म्हणालं, एकदाच, आणि तीही नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना काही नाही. तोवर त्याच्या तिकिटाचे पैसे गेले होते आणि श्राद्ध धाकट्या भावाने उरकलं होतं. तुझ्या एल-वनला ही फी नाही. तुझी कंपनी एच-वनबी सोडून एल-वनचं का बोलतेय, हे आता लक्षात आलं असेल.

बाळाबद्दल. जानेवारी 2025मध्ये आदेश निघाला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथे जन्मलेलं मूल नागरिक नाही. म्हणजे नेमके तुम्ही. राज्यघटनेची 1868 सालची चौदावी दुरुस्ती आणि 1898चा वाँग किम आर्क खटल्याचा निकाल दोन्ही याच्या विरुद्ध आहेत. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे जुने अध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तीन दिवसांत आदेश रोखला. मग जूनमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एका न्यायाधीशाने अख्ख्या देशासाठी मनाई देऊ नये. लोकांनी लगेच न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या बाळांच्या वतीने सामूहिक दावा लावला आणि आदेश पुन्हा अडकला. 5 डिसेंबर 2025ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीला घेतला. निकाल काहीही लागो, निळ्या अमेरिकी पासपोर्टचा हिशेब धरून दुसऱ्या बाळाचं ठरवू नका. इथे झालंच, तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करायची, हे डायरीत लिहून ठेव.

नानांनी फोनवर विचारलं, मग ही आणीबाणीच म्हणायची का? मी नाही म्हटलं, आणि त्यांना कारणही सांगितलं. आपल्याकडे 25 जून 1975च्या रात्री एक कागद सही झाला आणि सकाळी सगळ्यांना कळलं की आणीबाणी आहे. इथे तसा कागद नाही, वर्तमानपत्रं रोज ट्रम्पना झोडतात. मुख्य फरक कोर्टांचा. एप्रिल 1976मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिसाबंद्यांना बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेण्याचा, हक्कच नाकारला. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात गेले. इथे मार्च 2025मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या साध्या वेशातल्या माणसांनी रस्त्यावरून उचललं. गुन्हा काय, तर वर्षभरापूर्वी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात चौघांनी मिळून लिहिलेला एक लेख. तिला दूर लुइझियानात नेऊन ठेवलं. बंदीप्रत्यक्षीकरणाच्याच अर्जावर व्हरमाँटच्या न्यायाधीशांनी तिला 9 मे रोजी सोडवलं. नाना म्हणाले, “म्हणजे सुटली ना!” सुटली. पण सहा आठवडे आत राहून, आणि तिचे फोटो बघून इथल्या हजारो परदेशी पोरांनी आपापल्या पोस्ट पुसून टाकल्यानंतर.

यावरून जावईबापूंच्या समाजमाध्यमांवरच्या लिखाणाकडे येतो. विद्यार्थी व्हिसासाठी जून 2025पासून, एच-वनबी आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-फोरसाठी 15 डिसेंबर 2025पासून समाजमाध्यमांची खाती उघडी ठेवायला सांगतात. डिसेंबर 2025मध्ये एल-वन त्या यादीत नव्हता, पुढे असू शकेल. व्हिसाच्या अर्जात पाच वर्षांतली खाती विचारतात, ती सगळी खरी लिहा. जुनं काही पुसायला बसू नका. लपवाछपवी सापडली तर ती पोस्टपेक्षा महाग पडते. इथे आल्यावर मात्र पहिली काही वर्षं त्यांनी इथल्या राजकारणावर हात आखडता ठेवावा आणि मोर्च्यात जाऊ नये. मी स्वतः ऑक्टोबर 2025च्या ट्रम्पविरोधी ‘नो किंग्ज’ मोर्च्यात फलक घेऊन गेलो होतो, कारण माझ्याकडे नागरिकत्व आहे. तुमच्यासाठी वेगळा नियम सांगताना मला बरं वाटत नाही. सरकारला हेच हवंय, हेही मला कळतं. पण चिऊच्या आईवडिलांना मी दुसरं काही सांगणार नाही.

आता ज्यामुळे मी अजून आशा धरून आहे ते सांगतो. नोव्हेंबर 2025च्या निवडणुकीत आमच्या गावात केंद्रावर कामाला बसलो होतो. पहाटे सव्वापाचला शाळेच्या जिममध्ये हजर. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं सारखी, हा न्यू जर्सीचा कायदाच आहे. एक गृहस्थ ओळखपत्र नाचवत आले, “हे बघितल्याशिवाय मत देऊ कसं देता?” माझ्या शेजारच्या बाई पक्क्या रिपब्लिकन, घरी त्यांचंही मत तेच असणार. त्या शांतपणे म्हणाल्या, “इथे कायद्यात नाही, सही करा,” आणि सही जुन्या सहीशी ताडून बघितली. त्या रात्री डेमोक्रॅट पक्षाच्या मिकी शेरिल न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी निवडून आल्या आणि हरलेल्या उमेदवाराने पराभव मान्य केला. दिल्लीसारखा एकच निवडणूक आयोग इथे नाही. हजारो काउंट्या आपापली मतं मोजतात. 2020ची निवडणूक हरल्यावर जानेवारी 2021मध्ये ट्रम्पनी जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करून 11,780 मतं ‘शोधायला’ सांगितली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचा तो माणूस नाही म्हणाला. असली माणसं ठिकठिकाणी लागतात. पुढच्या वेळी ती त्या खुर्च्यांवर असतील का, याची मला ट्रम्पनी शिकागोत सैनिक पाठवण्यापेक्षा जास्त काळजी आहे. सैनिकांचं सर्वोच्च न्यायालयाने 23 डिसेंबर 2025ला अडवलं. पण टेक्सासने मधेच मतदारसंघ फिरवून रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवायचा घाट घातला, कॅलिफोर्नियाने जनमत घेऊन तसंच उत्तर दिलं, आणि टेक्सासच्या मतदाराला तर कुणी विचारलंही नाही की बाबा तुझा प्रतिनिधी कोण.

काँग्रेसकडून, म्हणजे इथल्या संसदेकडून, काही अपेक्षा ठेवू नकोस. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटहून निवडून आले, त्यांनी एप्रिल 2025मध्ये ट्रम्पवर महाभियोगाची सात कलमं दाखल केली. मतदानापर्यंत न्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्याच पक्षाने त्यांना गप्प बसवलं.

तर, या. पण बिऱ्हाड हलवायला नको, मुक्काम करायला या. कोथरूडचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. एल-वन कंपनीला बांधलेला असतो, नोकरी गेली तर 60 दिवसांत काहीतरी करावं लागतं. तेवढे पैसे बाजूला ठेवा. जावईबापूंना एल-टूवर, म्हणजे एल-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, थेट नोकरी करता येते, तेव्हा त्यांचा पगार त्यासाठी धर. ग्रीन कार्डचं नाव काढू नका, 2025च्या अखेरीस बहुतेक भारतीयांच्या रांगेत 2013 साली अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. भारतात यायचं तर आधी कंपनीच्या वकिलाला विचारून, आणि स्टँपिंगची, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घेण्याची, तारीख हातात असेल तरच. चिऊच्या लसीकरणाचं कार्ड विसरू नका, शाळा पहिल्याच दिवशी मागते. पुढच्या रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करतो, तेव्हा जावईबापूंना घरी थांबायला सांग.