चार फॅनपैकी चौथ्याची लाइट एका रंगावर अडकते. मदरबोर्ड बदलावा का?

नका बदलू. निदान पुढचं वाचून होईपर्यंत तरी नाही.

तुमचं दुखणं मला समजलं ते असं: पीसीच्या नव्या कॅबिनेटमध्ये चार एआरजीबी फॅन (म्हणजे ज्यांच्या प्रत्येक एलईडीचा रंग वेगवेगळा बदलता येतो), एकाची वायर दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात अशी जोडत नेलेली. पहिले तीन नीट रंग बदलतात. चौथा मध्येच एका रंगावर अडकतो, आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा लावला की काळाच राहतो. फिरतो मात्र व्यवस्थित. दुकानात म्हणाले, ‘बोर्डचा हेडर गेलाय,’ म्हणजे मदरबोर्डावर लाइटची वायर जिथे लावतात त्या पिना.

हेडर गेला असता तर पहिले तीन कोणाच्या जिवावर नाचतायत, एवढं तरी त्यांना विचारायचं होतंत.

पुण्यात वाढलेल्याला हे समजायला गणपतीतल्या माळा पुरतात. जुन्या बारक्या बल्बांची माळ सिरीजमध्ये असायची. एक बल्ब गेला की त्याच्या सिरीजमधले सगळेच अंधारात. आमच्या नारायण पेठेतल्या मंडळात एक काका हातात एक चांगला बल्ब घेऊन एकेक होल्डर तपासत बसायचे, पार आरतीची वेळ होईपर्यंत. तुमच्या फॅनमधली भानगड निम्मी तशीच आहे. पाच व्होल्टची वीज सगळ्या एलईडींना समांतर मिळते, पण कोणता रंग लावायचा हा निरोप हातोहात पुढे जातो. प्रत्येक एलईडीच्या पोटात एक चिप असते. ती साधारणपणे आपल्या वाट्याचे २४ बिट, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे आठ-आठ, ठेवून घेते आणि उरलेला निरोप शेजाऱ्याला देते. मध्ये कुठे हात सुटला की पुढच्यांना काही कळतच नाही. वीज चालू आहे तोवर ते शेवटचा मिळालेला रंग धरून बसतात. वीज गेली की तोही विसरतात. तुमचा चौथा नेमकं हेच करतोय. म्हणजे त्याला वीज मिळतेय, निरोप मिळत नाही.

तेव्हा दोष तिसऱ्या फॅनच्या शेवटच्या एलईडीपासून चौथ्याच्या पहिल्या एलईडीपर्यंत, एवढ्या वीतभर अंतरात आहे. बोर्ड त्याच्या कितीतरी अलीकडे राहिला.

पीसी बंद करा, एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि मागचं पॅनल उघडा. तिसऱ्या-चौथ्याच्या जोडावर दोन्ही बाजूंना टोकं असलेला एक बारका तीन पिनांचा तुकडा असेल. दहातल्या सात वेळा गुन्हेगार तोच (हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही). पॅनल लावताना वायरींचा गठ्ठा दाबला जातो आणि हा तुकडा हळूच अर्धा बाहेर येतो. दोन्ही प्लगांवरचे बाण एका बाजूला ठेवून घट्ट बसवा आणि वर टेप गुंडाळा.

तरी नाही जमलं तर फॅन न काढता फक्त लाइटच्या वायरींचा क्रम बदला: पहिला, दुसरा, मग चौथा, शेवटी तिसरा. आता सगळे लागले तर एक तर जोड सैल होता, किंवा तिसऱ्याची पुढे जाणारी वायर मेली आहे. शेवटच्या फॅनची ती वायर तशीही कोणाला लागत नाही, म्हणून तसंच राहू द्या आणि विषय सोडा. चौथा आणि तिसरा दोन्ही अंधारात राहिले, तर चौथा फॅन खराब. वॉरंटीत बदलून मागा; फॅनच, बोर्ड नव्हे.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका. बोर्डावर शेजारी चार पूर्ण पिनांचा हेडर दिसेल. तो १२ व्होल्टचा, साध्या आरजीबी पट्टीसाठी. तुमचा पाच व्होल्टचा, चारांतला एक दात पडलेला. एमएसआयच्या बोर्डावर पाचवाल्याला जे-रेनबो म्हणतात, गिगाबाइटवर डी-लेड. १२ वाल्याला अनुक्रमे जे-आरजीबी आणि लेड-सी. चांगल्या प्लगचं एक भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो चुकीच्या जागी जात नाही. माझ्या स्वस्तातल्या एक्स्टेन्शनला तो अडसर नव्हता. रात्री एक वाजता, टॉर्च तोंडात धरून, मी ती १२ वर बसवली. एकदा लख्ख झळकलं आणि तीन फॅनच्या लाइटी कायमच्या गेल्या. धूर नाही, वास नाही, काही नाही. फॅन अजून फिरतात, आंधळे.

पुढे आणखी फॅन जोडणार असाल तर हिशेब करा: पूर्ण पांढऱ्या रंगावर एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर खाते, आणि बहुतेक बोर्डांचा असा हेडर तीन अँपिअरचा असतो. म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर जेमतेम ५० एलईडी. रांगेच्या टोकाचा पांढरा पिवळट-गुलाबी दिसू लागला की वीज कमी पडतेय समजा आणि एसएमपीएसच्या साटा वायरवर (हार्डडिस्कला वीज देते ती) चालणारा, फॅनच्या लाइटींना वीज वाटून देणारा हब घ्या.

सॉफ्टवेअरचा दोष असता तर बहुधा चारही बिघडले असते, म्हणून त्यात फार शिरत नाही. फक्त बोर्ड कंपनीचं अॅप आणि विंडोज ११ मधलं डायनॅमिक लाइटिंग ही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, रंगांवरून भांडतात. आणि कधी सगळ्याच लाइटी एकदम गेल्या तर घाबरण्याआधी कॅबिनेटचं रीसेट बटण आठवा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये ते लाइटच्या कंट्रोलरला जोडलेलं असतं आणि दाबून धरलं की सगळं बंद होतं.

तो तीन पिनांचा तुकडाच हरवला किंवा मोडला असेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जा आणि कुठल्याही सुट्या पार्टच्या दुकानात बर्ग स्ट्रिप, म्हणजे मोडून घेता येणारी पिनांची पट्टी मागा, दोन्ही बाजूंना लांब पिन असलेली. ४० पिनांची पट्टी मिळते. त्यातला चार पिनांचा तुकडा मोडून घ्यायचा, प्लग शेजारी धरून बुजलेलं भोक कुठे येतं ते बघायचं आणि तेवढी पिन पकडीने उपटायची.