होडीच्या काठाची रबरी पट्टी

प्रश्न : माझ्याकडे १४ फूट लांबीची, फायबरची जुनी शिडाची होडी आहे. ती आम्ही विष्णुपुरीच्या जलाशयात चालवतो. तिच्या काठाभोवतीची रबरी पट्टी ठिकठिकाणी तडकली असून डाव्या बाजूला सुटून लोंबते आहे. गाडीच्या दारांना लावतात ती बीडिंग आणून चिकटवून टाका, असे एका मिस्त्रींनी सुचवले. तसे केले तर चालेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : तसे करू नये. दाराची बीडिंग स्पंजासारखी मऊ असते. दाबली जाऊन फट बुजवणे हे तिचे काम. घाटाच्या पायरीवर होडी आपटल्यास तो धक्का ती सोसू शकत नाही. शिवाय आपल्या होडीची पट्टी केवळ धक्क्यासाठी नसते. फायबरच्या बहुतेक होड्यांत खालचा भाग आणि वरचा डेक निरनिराळ्या साच्यांत घडवून काठावर जोडलेले असतात आणि तो सांधा या पट्टीखाली झाकलेला असतो. त्यामुळे नवी पट्टी आणण्याआधी जुनी काढून सांधा नीट पाहावा, असा माझा आग्रह आहे.

जुनी पट्टी रिव्हेटांनी बसवलेली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्याने जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचे, टवके उडतात; रिव्हेटांची डोकी ड्रिलने उडवावीत आणि फायबरची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. मग लाकडी मुठीने काठावर हलके ठोकत जावे. जिथे आवाज बद्द येईल, तिथे सांधा सुटल्याची शंका घ्यावी. काठावर पाण्याचा पाइप धरून कुणाला तरी आतून पाहायला सांगितले, की गळतीही कळते. सुटलेला भाग इपॉक्सीने भरून पूर्ण वाळू द्यावा. पूर्वी कुणी सिलिकॉन भरले असेल, तर ते कण न् कण खरवडावे, कारण त्याच्यावर दुसरे काहीही धरत नाही.

खरेदीला जाताना जुन्या पट्टीचा ५ सेंटिमीटरचा तुकडा सरळ कापून सोबत न्यावा. काठाची जाडी चार-पाच ठिकाणी मोजावी. हाताने घडवलेल्या फायबरमध्ये ती सर्वत्र सारखी नसते. ट्रक-बसच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे इंग्रजी 'यू' आकाराची भरीव पट्टी मिळू शकते, मात्र ती ईपीडीएम या ऊन सोसणाऱ्या कृत्रिम रबराची किंवा मऊ पीव्हीसीची आहे ना, हे विचारून घ्यावे. साधे नैसर्गिक रबर उन्हात लवकर तडकते. लांबी सुतळीने मोजून अर्धा मीटर जास्त घ्यावी आणि पट्टी अखंड असावी.

बसवताना सर्वाधिक चूक होते ती ताणण्याची. ताणलेली पट्टी काही दिवसांत आखडते आणि टोकाशी फट पडते. आपल्याकडील उन्हाळ्याचाही इथे विचार हवा: मे महिन्यातील दुपारी बसवलेली १० मीटरची पीव्हीसी पट्टी डिसेंबरच्या पहाटेपर्यंत तापमानाच्या ३० अंशांच्या फरकाने दोन सेंटिमीटरहून अधिक आखडू शकते. म्हणून काम सकाळी, सावलीत करावे. पीव्हीसीची पट्टी कडक वाटली तर गरम पाण्यात बुडवून मऊ करावी; सरकवण्यासाठी साबणाचे पाणी पुरते, ग्रीस मात्र लावू नये, कारण तेलाने रबर फुगते. होडीच्या पुढच्या टोकाच्या मधोमध सुरुवात करून दोन्ही बाजूंनी मागे जावे, म्हणजे जोड मागच्या बाजूला येतो. वळणावर पट्टी चुरगळत असेल, तर तिच्या आतल्या कडेला लहान त्रिकोणी खाचा द्याव्यात.

साधारण दर १५ सेंटिमीटरवर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घालावा. गोड्या पाण्यासाठी ३०४ प्रतीचा पुरतो. प्रत्येक छिद्रात पॉलियुरेथेन सीलंट भरूनच स्क्रू आवळावा. शेवटची टोके त्याच दिवशी कापू नयेत. रात्रभर पट्टी तशीच राहू द्यावी आणि दुसऱ्या सकाळी कापून जोडावर टोपण बसवावे.