तुम्ही विचारलंय: 180 चा शेअर 14 रुपयांवर आलाय, कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) आहे. थोडे दिवस ट्रेडिंग करून बाहेर पडलं तर जोखीम किती?

'बाहेर पडलं तर' याच शब्दांवर मी अडखळलो. कारण मला एकदा बाहेर पडता आलं नव्हतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. तुमच्या कंपनीसारखीच कर्जात रुतलेली स्मॉलकॅप, म्हणजे छोटी कंपनी. 22 च्या भावाने 3,000 शेअर घेतले. चौथ्या दिवशी संध्याकाळी बातमी आली, ऑडिटरने मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, विकायला गेलो, तर स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या रकान्यात 41 लाख शेअर आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावला होता, तो ट्रिगरही झाला. पण समोर गिऱ्हाईकच नसेल तर सौदा कुणाशी होणार? मग रोज सकाळी लोअर सर्किटच्या (एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो त्या मर्यादेच्या) भावाला ऑर्डर टाकायची आणि साडेतीनला ती रद्द झालेली बघायची, असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सर्किट उघडलं आणि 12 रुपये 30 पैशांना सुटलो. त्या आठवड्यांत ऑफिसमध्ये कुणाशी नीट बोललोही नसेन.

तुमचा हिशोब करू. अशा शेअरला बहुतेक वेळा 5 टक्क्यांचं सर्किट असतं. सलग दहा लोअर सर्किट लागली की 14 चे साधारण 8 रुपये 40 पैसे होतात, म्हणजे 40 टक्के गेले, आणि मधे विकायची संधी एकदाही नाही. त्यात शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असेल तर इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) बंद, डिलिव्हरी घ्यावीच लागते. जीएसएमच्या (एक्सचेंजच्या जादा देखरेखीच्या यादीच्या) वरच्या टप्प्यात गेला तर व्यवहारच आठवड्यातून एकदा. म्हणून यात किती पैसे टाकायचे हे मी स्टॉपलॉस धरून ठरवत नाही. ही रक्कम उद्या शून्य झाली तर घरात सांगता येईल का, एवढंच बघतो. उधारीचे किंवा मार्जिनचे पैसे तर अजिबात नाहीत.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. कंपनी वाचली म्हणजे तुमचा शेअर वाचला असं नाही. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी अवसायनात निघाली (बंद करून तिची मालमत्ता विकली) तर पैसे वाटण्याच्या रांगेत इक्विटी शेअरहोल्डर सगळ्यात शेवटी उभा असतो. बँकांनाच कर्जावर पाणी सोडावं लागतं, तिथे त्याच्यापर्यंत काय पोचणार? घरकर्ज देणारी डीएचएफएल आठवा. 2021 मध्ये पिरामलने ती घेतली, धंदा चालू राहिला, पण जुन्या शेअरची किंमत शून्य धरून ते डीलिस्ट झाले, म्हणजे बाजारातून काढले गेले. पिरामलची ही योजना मंजूर झाल्यानंतरही काही दिवस लोक तो शेअर घेत होते!

यावर कुणीतरी पतंजलीने दिवाळखोरीतून घेतलेल्या रुची सोयाचं उदाहरण देणारच. जानेवारी 2020 मध्ये 17 च्या आसपास असलेला शेअर जूनअखेर 1,500 च्या वर गेला, हे खरं. पण त्याआधी जुन्या 100 शेअरचा 1 शेअर झाला होता आणि जनतेकडे जेमतेम 1 टक्का हिस्सा उरला होता. वर जाताना रोज अपर सर्किट, म्हणजे तिथेही रांगच, फक्त घेणाऱ्यांची.

तरीही करायचंच असेल तर चार्ट बाजूला ठेवा आणि एक्सचेंजच्या साइटवर कंपनीने दिलेल्या घोषणा मागच्या दोन वर्षांपासून क्रमाने वाचा. निकाल वेळेवर लागले का? सीएफओ (अर्थविभागाचे प्रमुख) किती बदलले? प्रवर्तकांचे किती टक्के शेअर गहाण आहेत? ऑडिटरचा राजीनामा असेल तर ते पत्र शब्द न् शब्द वाचा. 'मागितलेली माहिती मिळाली नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं की मी पुढचं काही बघत नाही. वार्षिक अहवालात 'गोइंग कन्सर्न' शब्द शोधा, कंपनी पुढे चालेल का याची शंका ऑडिटर तिथे नोंदवतो. टेलिग्रामवरचं 'टार्गेट 50' मात्र वाचू नका, ते बहुधा स्वतःचे शेअर खपवायला निघालेल्या माणसाने लिहिलेलं असतं.

एक विचारायचं राहिलं. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतलाय, की बँकेने नुसता अर्ज केलाय? या दोन्हींत बराच फरक आहे. ते आणि शेअर जीएसएमच्या कुठल्या टप्प्यात आहे हे सांगितलंत, तर नेमकं काहीतरी बोलता येईल.