कासराभर दिवस

चिनू बाळा,

काल आबांचा फोन ठेवलास आणि विचारलंस, "न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, हे मी त्यांना सांगितलं. तरी ते 'येळ किती लागतो?' हेच का विचारत होते? आणि कासराभर दिवस म्हणजे काय?" भांडी आवरता आवरता नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर. आपल्या गोठ्यात तो खुंटीला असायचा, हातात यायचं ते टोक घासून घासून गुळगुळीत झालेलं. सकाळी सूर्य शिवाराच्या कडेपासून त्या दोराएवढा वर आलेला दिसला की दिवस कासराभर वर आला म्हणायचं. काल आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, परभणीकडे सकाळचे आठ. आबांनी ओट्यावरून मान वर करून बघितलं आणि तुला वेळ सांगितली. घड्याळ घरात आहे, पण ते बघायला कोण उठतंय!

आता किलोमीटरचं. आबांना रस्ता वेळेत मोजायची सवय आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. विमानाचंच बघ ना. अंतर जाता-येता तेवढंच, पण मुंबईला जाताना साधारण पंधरा तास लागतात आणि परत येताना दीडेक तास जास्त. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. मग नुसत्या किलोमीटरवरून आबांना काय कळणार?

तुझ्या पृथ्वीच्या गोलावर न्यूयॉर्क आणि मुंबईला एक दोरा ताणून धर. भिंतीवरच्या नकाशात सरळ पूर्वेला जावंसं वाटतं, पण दोरा वर सरकेल, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून, आइसलंडवरून. सर्वात जवळची वाट तीच. विमानं ती थोडीफार बदलतात, वारा आणि कुठल्या देशावरून जाता येतं ते बघून. तुझ्या तीस सेंटीमीटरच्या गोलावर तो दोरा सव्वा वीत भरेल, मी मोजलाय.

पण आपला प्रवास मुंबईत संपत नाही. पुढे देवगिरी एक्स्प्रेसने परभणीपर्यंत साडेपाचशे किलोमीटर, त्याला अख्खी रात्र जाते. मग एसटी, मग फाट्यावरून बैलगाडी. लहानपणी मला मुंबई फार लांब वाटायची, ती या रात्रीमुळेच.

म्हणून डिसेंबरात कधी पोचणार ते मी आबांना तासांत सांगितलंच नाही. "दोन कासरे दिवस वर आला की फाट्यावर या" म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि लगेच गाडीला वंगण घालायचं बोलायला लागले. गाडीत पुढे बस, कासरा तुझ्या हातात देतील.

तुझी,
आई