इंग्रजी समजतं, लिहिताही येतं, पण कॉलेजात बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पेपर बरे जातात, पण वर्गात आणि ओरलला गप्प बसता आणि जो तो 'कॉन्फिडन्स वाढव' म्हणून जातो. मी इलेक्ट्रिकलचा मास्तर आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून पुढे सरकणं मला जमलं नाही. कॉन्फिडन्सचं सोडून द्या. चुकलेल्याला वर्गात कसं हसतात हे तुम्ही पाहिलंय, म्हणून तुम्ही गप्प आहात. आणि पहिलं हसू बऱ्याचदा मास्तरांचंच असतं.

आमच्याकडे एका वर्षी मशीन्सची ओरल चालू होती. बीडकडचा एक मुलगा आत आला. प्रॅक्टिकलला हा सगळ्यांच्या पुढे, स्टार्टरची वायरिंग एकदा बघून बिनचूक करणारा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इंडक्शन मोटार सिंक्रोनस स्पीडला, म्हणजे तिच्यातल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगाला, का पोचत नाही? मुलगा "सर, द रोटर... सर, द रोटर" एवढ्यावरच अडला. रोटर म्हणजे मोटारचा फिरणारा भाग. जर्नलच्या फाइलची दोरी बोटाला गुंडाळतोय, सोडतोय. परीक्षक "स्पीक, स्पीक" म्हणत घड्याळाकडे बघायला लागले. मला राहवलं नाही. म्हटलं, "मराठीत सांग."

तो उठून फळ्याकडे गेला. "सर, चार पोल, पन्नास हर्ट्झ, म्हणजे फील्ड १५०० आरपीएमने फिरतंय. रोटरपण १५०० ला गेला तर दोघांत फरकच नाही राहिला. मग रोटरचे बार फ्लक्स कापणार कसे? ईएमएफ नाही, करंट नाही, टॉर्क नाही. म्हणून तो १४४० वगैरेला फिरतो. लोड टाकला की अजून खाली येतो, स्लिप, म्हणजे हा वेगातला फरक, वाढते." लोडचं त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्याच्या आधी येऊन गेलेल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी स्लिपची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती, लोडपर्यंत एकही पोचला नव्हता.

परीक्षक म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी आहे. मार्क जेमतेम पासापुरते दिले. खरं भांडण झालं ते नंतर, आमच्या विभागप्रमुखांशी. "तुम्ही पोरांना लाडावून ठेवता. उद्या कंपनीत कोण मराठीत विचारणार आहे?" पुढच्या सत्रात त्यांनी विभागात 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी लावली आणि लॅबमध्ये मराठी बोलल्यास दहा रुपये दंड. पोरं इंग्रजी बोलायला लागली नाहीत, बोलायचीच बंद झाली. मीटरची जोडणी चुकलीय हे दिसत असतानाही कुणी "सर, जरा इकडे या" म्हणेना. ४१५ व्होल्टच्या पॅनेलसमोर पोरगं दंडाच्या भीतीने गप्प उभं राहतं, ही शिस्त नाही, हा धोका आहे. मी हे तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगेन.

ही भीती काही मराठी माध्यमाची देणगी नाही. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली मांडली, ती टेक्सास विद्यापीठात स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांवर. अमेरिकेतली पोरं, आणि त्यांनाही वर्गात सगळ्यांसमोर स्पॅनिश बोलायचं म्हटलं की धडधडायचं. त्या भीतीचा एक मोठा भाग म्हणजे लोक आपल्याला काय ठरवतील ही धास्ती. आपल्याकडे २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुमची बारा वर्षं इंग्रजी शिकण्यात गेली. त्यात स्वतःच्या मनातलं वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ किती वेळा आली? तोंडी परीक्षा म्हणजे धड्यातल्या चार ओळी वाचायच्या आणि मार्क घ्यायचे.

आता तुमच्यापुरतं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नका, तिथे स्वतःची ओळख करून द्यायलाच शिकवतात. झालेल्या प्रॅक्टिकलमधलं एकच घ्या. पार्टनरला आधी नेहमीच्या आपल्या मिसळ भाषेत समजावा, मग तेच पूर्ण इंग्रजी वाक्यांत, मोठ्याने. दुसऱ्या दिवशी तेच वेगळ्या मित्राला. विषय बदलू नका, ऐकणारा बदला. ओरलला पहिलं वाक्य ठरवून जा: "सर, मे आय ड्रॉ अँड एक्सप्लेन?" हातात खडू आला की निम्मी उत्तरं आकृतीच देते आणि परीक्षकाची नजर तुमच्या चेहऱ्यावरून फळ्यावर जाते. त्या बीडकडच्या मुलाकडून मी पुढचं वर्षभर असंच करून घेतलं. शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची ओरल त्याने इंग्रजीत दिली. व्याकरण तुटकं होतं, पण अडला कुठेच नाही. माझ्या वर्गात मराठीला कधी दंड नव्हता, हे आमच्या विभागप्रमुखांनी मान्य केलं नाही तरी झालं ते असंच. २०२१ पासून तर तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनेच मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, तेव्हा लॅबमधल्या मराठीला गुन्हा ठरवायला 'माध्यम इंग्रजी आहे' हा आधारही आता उरलेला नाही.

एक मात्र आहे. हे सगळं वर्ग आणि ओरलपुरतं चालतं. कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनला विषय अनोळखी असतो आणि समोरची पोरं मधेच तोडतात, तिथे एवढं पुरणार नाही. त्याची तयारी तिसऱ्या वर्षाला चार-पाच जणांनी मिळून वेगळी करा. आणि मराठीत बोलतानाही शब्द अडकत असतील तर तो प्रश्न इंग्रजीचा नाही, स्पीच थेरपिस्टला दाखवा.