वास्तुरचनाकार लुईस बारागान यांच्या घराच्या छायाचित्रातला गडद गुलाबी रंग माझ्या दिवाणखान्याच्या चारही भिंतींना द्यावा का?

नाही, तो एकाच भिंतीला द्यावा, आणि तीही दिवसाचा उजेड पोहोचणारी असावी. बारागान यांनी मेक्सिको सिटीत १९४८ साली बांधलेल्या स्वतःच्या घरात, जे २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे, जिन्याच्या दालनातली गुलाबी भिंत उठून दिसते ती शेजारच्या पांढऱ्या भिंती, पायाखालचा काळसर ज्वालामुखीय दगड आणि सोनेरी वर्खाच्या चित्रावरून परावर्तित होणारा उजेड यांच्यामुळे. चारही भिंती गुलाबी असत्या तर ती इतकी सुंदर दिसली नसती, असे मला मनापासून वाटते. मात्र छायाचित्रातली छटा कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही बदलतात, म्हणून आधी भिंतीवर हातभर रुंदीचा नमुना रंगवून तो सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहावा.