एकच कॅल्साइट, मग एक सुळा आणि एक नट कसा?

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनात दोन दगड घेतले, एक मधाच्या रंगाचा टोकदार, कुत्र्याच्या सुळ्यासारखा, आणि दुसरा सहा बाजूंचा, वर सपाट, बोल्टच्या नटासारखा, आणि विकणारा दोन्हीला कॅल्साइटच म्हणतोय, तर फसवलं का. नाही हो, बहुतेक नसेल फसवलं. कॅल्साइट हा या बाबतीत बहुरूपीच आहे, सुळे, नट, चपट्या चकत्या, तिरक्या पेट्या, फुलपाखरासारखे जुळे, म्हणजे एकमेकांना चिकटून वाढलेले दोन क्रिस्टल (इंग्लंडमधल्या एग्रेमाँटचे जुळे तर प्रसिद्धच आहेत), सगळं एकाच कॅल्शियम कार्बोनेटचं. आपल्याकडेही काळ्या दगडाच्या पोकळ्यांत, जळगाव, नाशिक, वाघोलीकडे, स्टिलबाइट नावाच्या खनिजाच्या शेजारी बसलेला हा सापडतो आणि दरवेळी नवीनच तोंड घेऊन येतो.

कारण असं की क्रिस्टल वाढताना त्याच्या सगळ्या बाजू एका वेगाने वाढत नाहीत. आणि गंमत म्हणजे जी बाजू भराभर वाढते तीच आक्रसत जाऊन नाहीशी होते, आणि जी रेंगाळते ती मोठी होऊन शेवटी दिसत राहते. आता कोणती बाजू रेंगाळणार हे पाण्यावर, म्हणजे ते किती गरम, त्यात कॅल्शियम किती, मॅग्नेशियमसारखी भेसळ किती. पाणी मध्येच बदललं तर आकारही मध्येच बदलतो, म्हणून सुळ्याच्या टोकावर चपटी टोपी चढलेले पीसही मिळतात. मला ते जाम आवडतात, पण लोक वाकडे म्हणून सोडून देतात.

म्हणून आकारावरून ओळखू नका, फुटण्यावरून ओळखा. कॅल्साइट बाहेरून कसाही दिसला तरी फुटतो तीनच दिशांनी, आणि तुकडा निघतो तो कलंडलेल्या खोक्यासारखा, कोन साधारण 78 आणि 102 अंश. माझ्याकडचा एक नट गच्चीवर हातातून सटकला तेव्हा नीट बघितलं: वरच्या सहा कडांपैकी एक सोडून एक अशा तीनच कडांचे तिरके, आरशासारखे गुळगुळीत कपचे निघत होते, मधल्या तीन कडा काही केल्या तशा सुटेनात, आणि दगड उलटा केला तर खाली बरोबर दुसऱ्याच तीन. फ्रान्समधल्या आउई नावाच्या पाद्र्याच्या हातूनही असाच सहा बाजूंचा कॅल्साइट पडला असं सांगतात, त्याने त्यावरून विचार करून 1784 मध्ये अख्खं पुस्तक काढलं, की आतल्या बारीक एकसारख्या विटा वेगवेगळ्या रचल्या की बाहेरचे वेगवेगळे आकार होतात. मी फक्त झाडू आणला.

तुमचे मात्र फोडू नका. अंधारात मोबाइलचा टॉर्च मागून लावा, आत इंद्रधनुष्यासारखे चमकणारे तडे दिसले तर त्यांच्या दिशा बघा, ठरावीक तीनच असतील. शिवाय बुडाला, दिसणार नाही अशा जागी लोखंडी खिळा हलकेच ओढा, कॅल्साइटवर लगेच चरा पडतो, क्वार्ट्झवर, म्हणजे गारगोटीवर, पडत नाही. व्हिनेगरचा थेंबही तिथेच टाका, बुडबुडे आले की झालं (अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या खनिजालाही येतात, पण ते असं तिरक्या खोक्यांत फुटत नाही), मग लगेच पाण्याने धुवा. अख्खा पीस व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा नाही! मी सुरुवातीला स्वच्छ व्हावा म्हणून रात्रभर घातला होता, सकाळी सुळ्याच्या सगळ्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल.

आणि पुढच्या वेळी कोणी पारदर्शक तिरकं खोकं 'नॅचरल क्रिस्टल' म्हणून महाग विकत असेल तर थांबा. खाली छापील ओळ ठेवली की दोन दिसतात, दगड खरा असतो, पण बहुतेकदा तो मोठ्या ढेकळातून फोडून काढलेला तुकडा असतो, वाढलेला क्रिस्टल नव्हे. त्याला त्या मानानेच पैसे द्या.